पस्तीस अंशांपुरता लॅपटॉप

लॅपटॉपसोबत आलेली पुस्तिका मी चौथ्या वर्षी वाचली. तोवर ती गाळ्यातल्या डुगडुगत्या टेबलाच्या एका पायाखाली होती आणि तिचा तेवढा उपयोग होत होता. २०२२ च्या मे महिन्यात टेबल हलवताना ती बाहेर आली. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : वापरताना तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस. मी भिंतीकडे पाहिलं. बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेलं थर्मामीटर ४२ दाखवत होतं. वर पत्रा, समोर रस्ता, दुपारचे तीन.

मी देवगाव रंगारीत लग्नांचं शूटिंग करतो. हळद, साखरपुडा, जावळं, अधूनमधून कोणाच्या रिटायरमेंटचा सत्कार. नव्या पोरांना ‘प्री-वेडिंग’ लागतं, तेव्हा वेरूळच्या रस्त्याला नाहीतर गौताळ्याच्या घाटात जाऊन त्यांना हातात हात धरून पळायला लावतो. लग्नं उन्हाळ्यात होतात, कारण उन्हाळ्यात शेत मोकळं असतं. म्हणजे ज्या दोन महिन्यांत माझं वर्षाचं पोट भरतं, त्याच दोन महिन्यांत माझं यंत्र कागदोपत्री रजेवर असतं. विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही. त्यानं बॅग फुकट आहे हे सांगितलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या कोणत्याही कंपनीचं घातलं असतं तरी या लेखातलं एक अक्षर बदलावं लागलं नसतं. बहुतेक सगळ्यांच्या पुस्तिकेत ३५ हाच आकडा आहे. ॲपलसुद्धा १० ते ३५ लिहितं. हा आकडा ज्यानं ठरवला, तो मराठवाड्यात मे महिन्यात कधी आला नसावा, आणि आला असेल तर विमानतळावरून एसी गाडीत बसून थेट लेणी बघायला गेला असेल. लेण्यांत गारच असतं.

आता मूळ भांडणाकडे येतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरला वीज किती खायची याची मर्यादा घातलेली असते. इंटेलच्या भाषेत ती मुख्यतः दोन प्रकारची, पीएल-१ आणि पीएल-२. पीएल-२ म्हणजे थोडा वेळ किती खाल, पीएल-१ म्हणजे कायम किती खाल. थोडा वेळ म्हणजे किती, तर अनेक लॅपटॉपांत २८ सेकंद. २०२३ साली मी दुसरा लॅपटॉप घेतला. त्यातल्या बाराव्या पिढीच्या ‘आय-५ १२३५-यू’ या प्रोसेसरची इंटेलनं स्वतः छापलेली माहिती बघा : मूळ वीज १५ वॉट, कमाल ५५ वॉट. दुकानातल्या स्टिकरवर जो वेग असतो तो दुसऱ्या आकड्यावरचा. माझं तीन तासांचं लग्न रेंडर होतं ते पहिल्या आकड्यावर. पहिलं अर्धं मिनिट यंत्र शर्यतीच्या बैलासारखं धावतं आणि मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत मान टाकतं.

हे गावात समजावायला मला कष्ट पडत नाहीत, कारण आमच्याकडे प्रत्येक पोराला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, माहीत आहे. ६३ केव्हीएच्या डीपीवर लाईट आल्या आल्या सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळते, आणि मग आठ-पंधरा दिवस पिकाकडे बघत बसायचं. महावितरण वारंवार कळवळून सांगतं की पंपांचे ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. कोणी काढत नाही, तो वेगळा विषय. सांगायचं एवढंच, की लोड आणि लिमिट या गोष्टी शहरातल्या सपोर्ट इंजिनिअरपेक्षा माझ्या चुलत्याला जास्त कळतात. त्यानं आयुष्यात तीन डीपी जळताना पाहिल्यात. मर्यादा नको असं मी म्हणतच नाही. पण डीपीची मर्यादा तिथला लोड बघून ठरते, आणि लोड वाढला तर निवेदन द्यायला, उपोषणाला बसायला एक ऑफिस तरी असतं. लॅपटॉपची मर्यादा कोणी, कुठं, कोणत्या खोलीत बसून ठरवली?

खोलीचं महत्त्व कळायला साधं गणित पुरतं. प्रोसेसर साधारण १०० अंशांवर स्वतःला आवरतो. खोली २५ अंशांची असेल तर उष्णता बाहेर पडायला ७५ अंशांचा उतार मिळतो. माझ्या गाळ्यात ४२ असतात, उतार उरतो ५८. त्याच पंख्यानं, त्याच तांब्याच्या नळीनं आता सुमारे २३ टक्के कमी उष्णता बाहेर जाणार. पंधरा वॉट सहज झेलणारी रचना साडेअकराच्या आसपास येऊन थांबते. त्यात पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू अडकलेले. हंगामात आमच्याकडे हवेतही कापूस असतो. मी दर दिवाळीला लॅपटॉप उघडतो तेव्हा आत एखादी वात होईल एवढा निघतो.

थंड खोलीतल्या लोकांनाही हा चटका बसला आहे, फक्त त्यांची ओरड ऐकू जाते. १२ जुलै २०१८ ला ॲपलनं आय-९ प्रोसेसरचा मॅकबुक प्रो आणला. डेव्ह ली नावाच्या यूट्यूबरनं तो तापून मंदावतो हे दाखवलं. व्हिडिओ लवकर रेंडर व्हावा म्हणून त्यानं तो चक्क फ्रीजरमध्ये ठेवला, आणि खरंच लवकर झाला. जगभर हसू झालं. २४ जुलैला ॲपलनं मान्य केलं की फर्मवेअरमध्ये एक डिजिटल चावी राहून गेली होती, आणि दुरुस्ती पाठवली. बारा दिवस! एका माणसानं एक व्हिडिओ टाकला आणि यंत्र बाजारात आल्यापासून बारा दिवसांत चावी सापडली. मी कूलरसमोर लॅपटॉप धरून उभा असलेला फोटो टाकला तर खाली प्रतिक्रिया येतात, “दादा, कूलर कितीला घेतला?”

थर्ड-पार्टी सॉफ्टवेअरच्या नादाला मी लागलो तो वेगाच्या हव्यासानं नाही, चार्जरमुळे. २०१९ च्या एप्रिलमध्ये पहिल्या लॅपटॉपचा मूळ चार्जर विजेच्या झटक्यानं गेला. शहरातून दुसरा आणला, वायर तीच, पिन तीच, किंमत तिसरा हिस्सा. त्या दिवसापासून लॅपटॉप म्हातारा झाला. फोल्डर उघडायला दहा सेकंद. दुरुस्तीवाला म्हणाला, “विंडोज खराब झालीय, फॉरमॅट मारू.” मारला. काही नाही. “व्हायरस असंल, परत मारू.” परत मारला. मग “हार्डडिस्क गेली” म्हणून एसएसडी घालायला लावली. ती मात्र चांगली आहे, अजून चालते. यंत्र तरीही ०.८ गिगाहर्ट्झच्या वर जाईना. आणि नवरीचा बाप रोज सकाळी गाळ्यासमोर गाडी थांबवून विचारायचा, “भाऊ, पोरगी सासरी जाऊन नांदायला लागली, पेनड्राईव्ह कधी देता?”

शेवटी एका पोरानं, तो पुण्याला शिकायला होता आणि सुट्टीत आला होता, ‘थ्रॉटलस्टॉप’ नावाचा छोटा प्रोग्राम उघडून दाखवला. केविन ग्लिन नावाच्या माणसानं लिहिलेला, फुकट, दिसायला सरकारी फॉर्मसारखा. त्यात ‘बीडी प्रोचॉट’ असं एक खूण करायचं खानं. बीडी प्रोचॉट म्हणजे एक तार. मदरबोर्डवरचा दुसरा कोणताही भाग तिच्यातून प्रोसेसरला ओरडून सांगू शकतो की तापलंय, थांब. काही लॅपटॉपांत चार्जरची ओळख पटली नाही तरी हीच बोंब ठोकतात. माझा प्रोसेसर गार होता. पण चार्जर परक्या घरचा आहे म्हणून त्याला तापल्याचं सांगितलं जात होतं, आणि तो बिचारा ऐकत होता. पोरानं खूण काढली. वेग ०.८ वरून ३ च्या पुढं गेला.

इथं प्रामाणिकपणे सांगतो, चार्जर कमी ताकदीचा असेल तर ही खूण काढणं धोक्याचं आहे. चार्जर वितळू शकतो. म्हणून मी त्याचे वॉट तपासले, पुरेसे होते. पण माझा राग धोक्याचा इशारा दिला यावर नाही. इशारा दिलाच नाही यावर आहे. पडद्यावर एक ओळ आली असती, ‘चार्जर ओळखता येत नाही, म्हणून वेग कमी केला आहे’, तर दोन फॉरमॅट, एक एसएसडी आणि एका बापाचे शिव्याशाप वाचले असते. काही यंत्रांत अशी ओळ येते म्हणतात. माझ्यात आली नाही.

त्याच उन्हाळ्यात मी अंडरव्होल्टिंग शिकलो आणि खरी मजा इथून पुढं आहे. लोकांना वाटतं असले प्रोग्राम वापरणारे सगळे गेम खेळणारे, यंत्राला जास्तीत जास्त पाजणारे. माझं उलट होतं. मला माझ्या लॅपटॉपला कमी वीज द्यायची होती. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक चिपला थोडं जास्तीचं व्होल्टेज ठरवलेलं असतं, म्हणजे त्यातली सर्वांत नाठाळ चिपसुद्धा चालावी. तुमची बरी निघाली तर तेच काम कमी व्होल्टेजवर होतं. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एक व्होल्टचे ०.९२ केले तर वर्ग होतो ०.८५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वेगाला सुमारे १५ टक्के कमी वीज आणि तेवढीच कमी उष्णता. मी हळूहळू ८० मिलिव्होल्ट खाली उतरलो. पंख्याचा आवाज मऊ झाला. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ पुरायला लागला. रात्रीत एका लग्नाऐवजी दीड लग्न निघायला लागलं. कोणाचं नुकसान झालं? माझ्या माहितीत कोणाचंच नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूवेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. व्होल्टेज मुद्दाम कमी करून इंटेलच्या ‘एसजीएक्स’ नावाच्या बंदिस्त कप्प्यातल्या हिशोबात चुका घडवता येतात आणि त्यातून गुपितं काढता येतात. संशोधन पक्कं होतं, त्याबद्दल त्यांना दंडवत. उपाय म्हणून इंटेलनं अशी सोय दिली की लॅपटॉप कंपनी व्होल्टेजचं दारच बंद करू शकेल. आणि कंपन्यांनी बायोस अपडेटमधून धडाधड बंद केलं. माझंही झालं. मला लगेच कळलं नाही, कारण २०२० च्या उन्हाळ्यात लग्नंच नव्हती. नंतर पन्नास माणसांत लग्नं सुरू झाली, तेव्हा पहिलं रेंडर लावलं आणि पंखा पुन्हा गिरणीसारखा ओरडायला लागला. थ्रॉटलस्टॉप उघडला तर व्होल्टेजच्या खिडकीत एकच शब्द. लॉक्ड.

या हल्ल्यासाठी हल्लेखोराला आधी यंत्राचा पूर्ण ताबा, ॲडमिनचे अधिकार लागतात. ज्याच्या हातात माझ्या घराच्या सगळ्या किल्ल्या आल्या, तो मग देव्हाऱ्यातली डबी उघडेल म्हणून माझ्या चुलीचा जाळ कमी करायची चकती काढून नेली. त्या डबीत होतं काय? सामान्य माणसाच्या लॅपटॉपवर एसजीएक्सचा सगळ्यांत ठळक उपयोग होता तो ४-के ब्लू-रे डिस्क बघणं. देवगाव रंगारीत ४-के ब्लू-रे डिस्क. मी चौकशी केली नाही, पण धाडसानं सांगतो, एकही नाही. आणि कळस असा की अकराव्या पिढीपासून इंटेलनं घरगुती प्रोसेसरांतून एसजीएक्सच मोडीत काढलं. देव्हारा गेला, डबी गेली. दाराला कुलूप मात्र तसंच. २०२३ चा माझा दुसरा लॅपटॉप कुलूप लावूनच कारखान्यातून निघाला.

दौलताबादचा किल्ला आमच्याच जिल्ह्यात आहे. तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथं आणली, पुढं परत नेली, आणि त्या हेलपाट्यात लोकांचे हाल झाले; असल्या कारभारावरून ‘तुघलकी’ हा शब्द आपण आजवर वापरतो. पण निदान चूक झाली म्हटल्यावर माणसं परत न्यायचा हुकूम तरी त्यानं काढला. इथं तेवढंही नाही.

पंख्याची गोष्ट तर आणखी विनोदी. पंखा चालवतो तो प्रोसेसर नाही. त्यासाठी एम्बेडेड कंट्रोलर नावाची वेगळी छोटी चिप असते. तीच चार्जिंग बघते, तीच कळफलक बघते, लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. कोणत्या अंशाला किती फेरे, हे कोष्टक तिच्या पोटात कंपनी भरून ठेवते. कोष्टक असं की यंत्र शोरूममध्ये मुकं राहावं. ग्राहक एसीत उभा राहून कान लावतो, आवाज नाही म्हणतो, पैसे देतो. गाळ्यात माझ्या डोक्यावर सीलिंग फॅन खडखडतो, बाजूला कूलर, रस्त्यावर ट्रॅक्टरवर गाणी. लॅपटॉपचा आवाज ऐकायला मला कानात नळी घालावी लागेल. मला शांतता नको आहे. पंखा ७० अंशांवर पूर्ण फिरावा एवढंच मागणं. सेटिंगमध्ये ‘शांत’, ‘संतुलित’, ‘कामगिरी’ असे तीन फुगे आहेत. तिन्हीवर बोट ठेवून पाहिलं, पंख्याला पत्ताच नाही.

मग ‘नोटबुक फॅनकंट्रोल’सारखे प्रोग्राम शोधायचे. ते त्या छोट्या चिपच्या रकान्यांत थेट आकडे लिहितात, आणि कोणत्या मॉडेलला कोणता रकाना हे जगभरच्या हौशी लोकांनी चाचपडत शोधलेलं असतं, कारण कंपनी सांगत नाही. चुकीच्या मॉडेलची फाईल घातली की आकडा पंख्याऐवजी भलतीकडं जाऊन पडतो. हा धोका खरा आहे. मी दोन रात्री जीव मुठीत धरून तो पत्करला. एक साधा स्लायडर द्यायचा नाही, आणि लोकांनी मागच्या खिडकीतून हात घातला की ‘वॉरंटी बाद’ म्हणायचं! असूसच्या लॅपटॉपवर ‘जी-हेल्पर’ नावाचा काही एमबींचा फुकट प्रोग्राम जे करतो, त्यासाठी कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर केवढा संसार मांडून बसतं, हे ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांना विचारा.

मार्च २०२५ मध्ये तर विंडोज डिफेंडरनं या प्रोग्रामांना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ‘फॅन कंट्रोल’ आणि तसले कितीतरी प्रोग्राम ज्या ‘विनरिंग-झिरो’ नावाच्या ड्रायव्हरवर उभे आहेत, तो धोकादायक म्हणून अडवायला सुरुवात झाली. सकाळी उठलो तर पंखा मूळ पदावर आणि कोपऱ्यात लाल पाटी. शिव्या हासडायला तोंड उघडलं आणि नंतर वाचलं, तर मायक्रोसॉफ्टचं चुकलं नव्हतं. त्या ड्रायव्हरमधलं भगदाड २०२० पासून नोंदलेलं होतं. यंत्राच्या अगदी गाभ्यात हात घालू देणारा दरवाजा, आणि तो कोणत्याही प्रोग्रामला उघडा. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये कॅस्परस्कीनं सांगितलं की खंडणीखोरांनी माझ्या लाडक्या थ्रॉटलस्टॉपचाच ड्रायव्हर वापरून अँटिव्हायरस मारले. केविन ग्लिनच्या प्रोग्रामनं माझं दुकान वाचवलं म्हणून मी हे झाकणार नाही.

पण मग भगदाडवाला ड्रायव्हर इतक्या यंत्रांवर पोचला कसा? लोकांना फिरायला रस्ता दिला नाही म्हणून. हौशी माणसाला नवा सुरक्षित ड्रायव्हर लिहून त्यावर मायक्रोसॉफ्टची सही मिळवणं खिशाला परवडत नाही. म्हणून सगळ्यांनी एकच जुना, आधी सही झालेला ड्रायव्हर वर्षानुवर्षं घासला. दार नाही म्हणून भिंत फोडली, आणि आता भिंतीला भोक का म्हणून विचारता.

हे नीट करता येत नाही असंही नाही. लिनक्समध्ये थिंकपॅडसाठी एक ड्रायव्हर आहे. पंख्याचा ताबा घ्यायचा तर आधी तुम्ही स्पष्ट सांगायचं की हो, मला हवा आहे. मग त्यात पहारेकरी बसवता येतो : ठरावीक वेळ, जास्तीत जास्त १२० सेकंद, तुमच्या प्रोग्रामकडून काही खबर आली नाही, म्हणजे तो मेला असं समजून पंखा पुन्हा आपोआपवर जातो. मालकाला हक्क आणि यंत्राला सुरक्षितता, दोन्ही काही ओळींच्या कोडमध्ये. ज्यांच्याकडे हजारो इंजिनिअर आहेत त्यांना हे सुचलं नसेल यावर माझा विश्वास नाही. पण हे दिलं तर नवा लॅपटॉप कोण घेणार मग?

दिल्लीत ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही उघडलं. सुरुवातीला घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, मोबाईल होते, वाहनं होती. चांगलं आहे. पण स्क्रू आणि सुटे भाग यांच्यावरच सगळ्यांची नजर. माझ्या यंत्रातला एकही भाग मोडलेला नाही. तो मोडल्यासारखा चालवला जातो आहे, आणि ते दुरुस्त करणारं खानं कुलूपबंद आहे. या हक्काला अजून नावच पडलेलं नाही.

आपल्यातल्यांनाही सोडत नाही. प्रत्येक दुखण्यावर फॉरमॅट मारणारे, हे जुन्या काळी प्रत्येक आजारावर सलाईन लावायचे त्यांचेच वारसदार. आणि ‘एका क्लिकमध्ये लॅपटॉप रॉकेट’ म्हणून सांगणारे यूट्यूबवरचे भाऊ. त्यांचे बूस्टर घालून माझ्या एका गिऱ्हाईकाच्या पोरानं सगळ्या मर्यादा कमालीवर नेल्या, पंखा बंद ठेवला, कारण व्हिडिओत तसं होतं. लॅपटॉप मांडीवर होता. पोराला डॉक्टर दाखवावा लागला, लॅपटॉपला भंगारवाला. असल्यांचं नाव पुढं करूनच कंपन्या कुलपाचं समर्थन करतात, आणि तेवढ्यापुरतं मला उत्तर सुचत नाही.

मागच्या वैशाखात मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. अर्धा तास संगीत ऐकलं. मग एक गोड आवाज. मी म्हणालो, “ताई, रेंडर करताना मंदावतो, पंख्याचा वेग वाढवायची सोय कुठं आहे?” त्या म्हणाल्या, “सर, प्रॉडक्ट नॉर्मल आहे. आपण एसी रूममध्ये वापरून बघा.” मी विचारलं, “एसी वॉरंटीत येतो का?” त्या बिचाऱ्या हसल्या नाहीत. त्यांच्यासमोरच्या कागदावर ते लिहिलेलं नसणार. तक्रार बंद झाल्याचा मेसेज फोन ठेवायच्या आत आला.

तेव्हापासून मी रात्री दोनचा गजर लावतो. पत्रा गार व्हायला तेवढा वेळ लागतो. कूलरला पाणी लावायचं नाही, नुसता वारा. ओलाव्यानं मागं एकदा यूएसबीचं खानं गंजलं होतं. रेंडर सुरू करून बाहेर बाजेवर पडायचं. आज लासूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न लावलंय, चार कॅमेरे, एक ड्रोन, वरात अडीच तासांची. साडेतीनला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि माझ्या सगळ्या मर्यादा पुसून कंपनीच्या लागू झाल्या, दर वेळी होतात. उठलो, अंधारात थ्रॉटलस्टॉप उघडला, आकडे पुन्हा भरले. पडद्यावर नवरी पाठवणीला रडत होती, ६१ टक्के.